आफ्रिकेला मदत आणि आपली तूर: हे गणित कुणी समजावून सांगेल का?

चांदवडचे_अण्णा (प्रश्न)

राम राम मंडळी. मी शेतकरी माणूस, चांदवड तालुका. साडेचार एकर. दोन एकर उन्हाळ कांदा, दीड एकरात तूर, बाकी मका. मुलगा म्हणाला इथं शिकलेली माणसं आहेत, विचारा. म्हणून विचारतो.

मागच्या आठवड्यात ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत गेलो होतो. लिलाव सुरू व्हायला वेळ होता, टपरीवर चहा घेत पेपर चाळत बसलो. आपल्या सरकारनं आफ्रिकेतल्या देशांना मदत दिल्याची बातमी होती. शेजारचा म्हणाला, "बघा अण्णा, आपल्या कांद्याला बंदी घातली, अन् त्यांना फुकट." मी मान डोलावली. घरी येईपर्यंत डोक्यात एकच, आपण मान तर डोलावली, पण आपल्याला यातलं कळतं काय?

तर विचारायचं ते असं. हा पैसा फुकट देतात का उसना? किती देतात? अन् तिसरी गोष्ट मला जास्त लागलेली आहे. माझी तूर २०२४-२५ ला हमीभाव क्विंटलला ७,५५० असताना ७,१०० नं गेली. व्यापारी म्हणाला, अण्णा, आफ्रिकेची तूर आलीय बंदरात. आपण त्यांना मदत करायची अन् त्यांनी आपल्याला तूर घालायची, हा कुठला सोयरसंबंध?

राजकारण नको. ज्याला माहिती आहे त्यानंच सांगा.

---

नाशिकचा_ढोल

सोपं आहे अण्णा. फोटो काढायला पैसे लागतात. हस्तांदोलन, झेंडे, लाल गालिचा. बाकी काही नाही.

---

मोकुबा_रिटर्न

ढोल भाऊ, तुमचं हे उत्तर कुठल्याही सरकारच्या कुठल्याही बातमीखाली चालतं. राहू द्या.

अण्णा, मी काही पंडित नाही. सातपूरला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला बावीस वर्षं काढली. त्यातली २०११ ते २०१३ ही मोझांबिकमध्ये, झांबेझिया प्रांतात, मोकुबा नावाच्या गावी. हे नाव तिथलंच घेतलंय. आपल्या सरकारच्या कर्जातून तिथं खेड्यापाड्यांत वीज नेण्याचं काम होतं. ३३ केव्हीची लाईन, अन् तिच्यावर जागोजागी डीपी. तुमच्या वावराच्या कडेला उभी असते ना, तीच.

आधी फुकटचं उरकतो, कारण ते थोडंच आहे. परराष्ट्र खात्याच्या बजेटात 'आफ्रिकी देश' अशी मदतीची एक ओळ असते. २०२४-२५ ला तिथं २०० कोटी होते, २०२५-२६ ला २२५ कोटी. हे अख्ख्या खंडाला मिळून, चोपन्न देश. त्याच २०२५-२६ च्या बजेटात एकट्या भूतानला २,१५० कोटी. आपण १४० कोटी माणसं, म्हणजे आफ्रिकेसाठी माणशी वर्षाला दीड रुपया पडला. टपरीवरचा तुमचा चहा दहा रुपयांचा धरला, तर तुम्ही सहा-सात वर्षांची मदत बसल्या बसल्या प्यायलात.

मोठा आकडा कर्जाचा. त्याला लाईन ऑफ क्रेडिट म्हणतात. तुम्हाला एका वाक्यात कळेल: सोसायटीचं पीककर्ज आठवा, त्यातला वस्तुरूपाचा भाग. पैसे हातात देत नाहीत, गोदामातून खत उचला म्हणतात. अगदी तसं. मोझांबिक सरकार म्हणतं, आम्हाला लाईन टाकायचीय. दिल्ली हो म्हणते. आपल्या सरकारची एक्झिम बँक करार करते. पण डॉलर मापुतोला, म्हणजे त्यांच्या राजधानीला, जातच नाहीत. माल इथल्या बंदरात जहाजावर चढला अन् कागद बँकेत पोचले, की पैसे इथल्याच कंपनीच्या खात्यात. अट अशी की साधारण पंचाहत्तर टक्के माल अन् सेवा भारतातून घ्यायची, बांधकामाला थोडी सूट. फेडायचं मात्र मोझांबिकनं. गरीब देशांना पंचवीस वर्षांपर्यंत मुदत, पहिली पाच वर्षं मुद्दल मागत नाहीत, व्याज दीड-पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. बाजारातलं व्याज अन् हे व्याज यांच्यातला फरक आपलं सरकार बँकेला भरून देतं, कर्ज बुडालं तर हमीही सरकारचीच. मदत म्हणायची तर ती एवढी.

असं कर्ज ४२ आफ्रिकी देशांना मिळून १२ अब्ज डॉलरच्या वर आहे. रुपयांत लाखभर कोटी. पण ही मंजूर रक्कम, वीसेक वर्षांतली. उचल त्याहून बरीच कमी. अन् जी उचल झाली त्यातली मोठी रक्कम इथल्याच कारखान्यांत फिरली. सेनेगलला २.७ कोटी डॉलरच्या कर्जातून भातशेतीसाठी किर्लोस्करांचे पंप गेले. सुदानात कोस्तीला ५०० मेगावॅटचं वीजकेंद्र आपल्या सरकारी 'भेल' कंपनीनं उभारलं. घानाचा राष्ट्राध्यक्ष ज्या वाड्यात बसतो तोसुद्धा असल्याच कर्जातला, २००८ चा. माझी दोन वर्षांची पगारवाढ अन् पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट, तेही त्यातलंच समजा.

आता मोकुबा. पहिल्या महिन्यात कंटेनर उघडले तर आत नट-बोल्टपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत सगळं आपल्याकडचं. लाकडी खांब तेवढे तिकडचे, निलगिरीचे. पहिली लाईन चार्ज केली, म्हणजे तिच्यात वीज सोडली, तेव्हा मला वाटलं होतं लोक नाचतील-बिचतील. कोणी नाचलं नाही. गिरणीवाल्यानं डिझेल इंजिनाचा पट्टा काढला, मोटरला लावला अन् दळायला बसला. मक्याचं पीठ हेच त्यांचं भाकरी-भात, त्याची घट्ट उकड करतात, शिमा म्हणतात. तीन दिवस बायकांची रांग हटली नाही, कारण दळणाचा दर उतरला होता. दुसरा ग्राहक दारूच्या दुकानाचा फ्रीज. शाळा चौथी की पाचवी. मी आपला खरं सांगतोय.

मीटर प्रीपेड. दुकानातून 'क्रेदेलेक'ची पावती आणायची, तिच्यावरचे आकडे मीटरवर दाबायचे, की करंट सुरू. मी बायकोला फोनवर म्हणालो, इथं लोक आकडे दाबतात, आपल्याकडं आकडे टाकतात.

हे झालं चांगलं. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये, पावसाच्या तोंडावर, गावापासून चाळीसेक किलोमीटरवर एका डीपीच्या बुशिंगखालून तेल गळायला लागलं. गॅस्केट, म्हणजे जोडावर तेल अडवणारी चकती, गेलेली. सातपूरला ती वस्तू कुठल्याही दुकानात मिळते, चहापाण्याच्या पैशात. तिथं नव्हती. करारात सुटे भाग द्यायचे होते, आले पण होते, पण पेटीत निघाले वेगळ्याच मापाचे. ज्या ठेकेदार कंपनीचं काम होतं तिचं नाव घेत नाही. मी मेल टाकला. उत्तर आलं, सदर भाग यादीनुसार पाठवलेला आहे. पुन्हा टाकला. उत्तर आलं, हमीचा काळ तपासून कळवू. तोवर तिथल्या लाईनमननं ट्रकची ट्यूब कापून गोल पट्टी केली अन् बसवली. हुशार माणूस, पण ट्यूबचं रबर ट्रान्सफॉर्मरच्या तेलात फुगतं. आठ दिवसांत पुन्हा धार. त्याला हे ठाऊक असायला हवं होतं का? आमचं मॅन्युअल इंग्रजीत, तो वाचणार पोर्तुगीज. दोनशे पानांचं मॅन्युअल कपाटात अन् डीपी बंद.

हा माझा मुद्दा आहे अण्णा. पैसा देतात याचं मला वाईट वाटत नाही. उभारून, फीत कापून, पाठ फिरवून येतात याचं वाटतं. कर्जाचा हप्ता पंचवीस वर्षं चालणार अन् गॅस्केट दोन वर्षांत गेलं. इथिओपियात २००६-०७ च्या सुमाराला तीन साखर कारखान्यांसाठी ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्या वेळी आपलं सगळ्यात मोठं. त्यातला तेंदाहोचा कारखाना किती वर्षं रखडला! आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला रखडलेला साखर कारखाना काय असतो हे मी सांगायला नको. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीनं या कर्जांचे नियम कडक केले, आधी सविस्तर प्रकल्प अहवाल आणा, ठेकेदार पारखून घ्या वगैरे. म्हणजे तक्रारी पोचल्या होत्या.

तूर राहिली. जेवून येतो, मग लिहितो.

---

पिंपळगाव_मंडी

काका येईपर्यंत मी कांद्याचं सांगतो. आमची आडत आहे.

अण्णा, १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, तुम्हाला आठवत असेल, जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. मग ८ डिसेंबरपासून सरळ बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला. या बंदीच्या काळात सरकारनं काही देशांना 'मैत्री' म्हणून कांदा सोडला. त्यात आफ्रिकेकडचा एकच देश होता, मॉरिशस. मार्च २०२४ ला किती दिला सांगू? १,२०० टन. म्हणजे १२ हजार क्विंटल. लासलगावची एका दिवसाची आवक, तीही बेताच्या दिवसाची. बांगलादेशला त्याच सुमाराला ५० हजार टन.

तेव्हा आफ्रिकेनं आपला कांदा खाल्ला हे खोटं. आपला कांदा अडवला दिल्लीच्या किरकोळ बाजारानं अन् निवडणुकीनं. मैत्रीचा कांदा सरकारनं ठरवलेल्या संस्थेमार्फत गेला, आम्ही निर्यातदार गेटवर उभे राहून बघत होतो. तिकडं तो काय भावानं विकला अन् इथं काय भावानं घेतला, याचा हिशेब आमच्या आडतीवर अजून लोक मांडतात. मी मांडणार नाही, रक्तदाब वाढतो.

---

मोकुबा_रिटर्न

आलो.

मोकुबाहून वर गुरुएच्या डोंगरांकडं निघालं की दोन्ही बाजूंना मका, अन् मक्यात तूर. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हर घाबरला, त्याला वाटलं मला उलटी होतेय. मी खाली उतरून शेंग सोलली, हिरवे दाणे तोंडात टाकले. तो हसायला लागला. त्यांच्या भाषेत, म्हणजे पोर्तुगीजमध्ये, तुरीला 'फेइजांव बोएर'. मी म्हटलं आम्ही ह्याचं वरण करतो, तूप घालतो. तो म्हणाला, आम्ही विकतो. कोणाला? "इंडियानो." नांपुलाला गुजराती बोलणारे व्यापारी, पिढ्यान् पिढ्या तिथले. त्यांचा माणूस तराजू घेऊन गावात यायचा, गोण्या नकालाच्या बंदरात, तिथून न्हावाशेवा. ही सगळी साखळी सरकारी करार होण्याच्या आधीपासूनची.

करार झाला २०१६ ला. २०१५ ला आपल्याकडं तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली होती, सरकार घाबरलं. मोझांबिकशी लिहून घेतलं: पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढत वाढत २०२०-२१ ला २ लाख टन. तिथल्या शेतकऱ्याला निरोप गेला, लावा तूर, भारत घेणार आहे. त्यानं लावली. अन् त्याच साली आपल्या माणसानंही लावली, भाव बघून, शिवाय पाऊस चांगला. २०१७ ला तूर खरेदी केंद्राबाहेर आपल्या बैलगाड्या-ट्रॅक्टरच्या रांगा आठवा. बारदान नाही म्हणून खरेदी बंद. मग ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीनं तुरीच्या आयातीला वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा करारातला माल त्यातून वगळला, पण करारापलीकडची तूर जायची कुठं? टांझानियाला तर असला करारच नव्हता. भाव कोसळला. माझ्या ड्रायव्हरच्या भावानं दोन हेक्टर केली होती. त्याचा मला व्हॉट्सॲपवर निरोप आला, "पात्राँव, तुमच्या लोकांना वरण आवडत नाही का आता?" पात्राँव म्हणजे मालक. मी काय उत्तर देणार? मी सातपूरला टेस्ट बेंचवर.

पुढं डाळ पुन्हा कमी पडली. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली केली. मोझांबिकचा २ लाख टनांचा करार मार्च २०२६ पर्यंत लांबवला, मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा नवा केला. म्हणून अण्णा, तुमच्या व्यापाऱ्यानं खरं सांगितलं, तूर तिकडून आलेली आहेच. पण ती मदतीच्या बदल्यात आलेली नाही. ती आली कारण शहरात डाळ महाग झालेली कोणत्याच सरकारला परवडत नाही. माझ्यासारख्याच्या घरात डाळ स्वस्त राहावी म्हणून तुमचे साडेचारशे रुपये गेले, हे मी कबूल करतो. आमच्या हिला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग अण्णांकडूनच थेट घेऊ की दहा किलो. पत्ता पाठवा, मजा करत नाहीये.

---

तृप्ती_गंगापूररोड

काका, छान लिहिलंय. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, म्हणून थोडी भर घालते. तुम्ही फक्त कर्जाबद्दल बोललात. पण आपलं आफ्रिका धोरण जुनं आहे. 'आयटेक' हा परदेशी लोकांना इथं प्रशिक्षण द्यायचा कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे. २००४ मध्ये राष्ट्रपती कलामांनी आफ्रिकी संसदेपुढे ई-नेटवर्कची कल्पना मांडली, इथल्या डॉक्टरांनी तिथल्या रुग्णालयांना उपग्रहावरून सल्ला द्यायचा, विद्यापीठांनी शिकवायचं. २००८ ला दिल्ली, २०११ ला अदिस अबाबा आणि २०१५ ला पुन्हा दिल्ली अशा तीन भारत-आफ्रिका शिखर परिषदा झाल्या. तिसऱ्या परिषदेत १० अब्ज डॉलरचं कर्ज, ६० कोटी डॉलरचं अनुदान आणि ५० हजार शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. २०१८ मध्ये १८ नवे दूतावास मंजूर झाले. ९ सप्टेंबर २०२३ ला दिल्लीतच आफ्रिकी संघ जी-२० चा सदस्य झाला. आयआयटी मद्रासचं झांझिबारला केंद्र आहे.

आणि चीन! चीननं अदिस अबाबात आफ्रिकी संघाचं मुख्यालयच बांधून दिलं, २०१२ ला. आपण मागे पडलो तर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कायम जागेसाठी चोपन्न मतं कुठून आणणार?

---

मोकुबा_रिटर्न

तृप्ती, बाळा, परीक्षेत पूर्ण मार्क. 'जाहीर झाल्या' हा शब्द मात्र लाल पेनानं अधोरेखित कर. २०११ ला त्याच अदिस अबाबाच्या परिषदेत इथिओपिया-जिबूती रेल्वेसाठी आपण ३० कोटी डॉलर जाहीर केले होते. २०१६ ला अदिस ते जिबूती गाडी सुरू झाली, ती चिन्यांनी बांधलेल्या रुळांवरून. चौथी परिषद व्हायची होती, ती कोविडमध्ये अडकली.

चीनशी रकमेत बरोबरी करायच्या भानगडीत पडूच नये असं माझं मत. आपल्या खिशाला झेपणारं नाही. मोकुबात चिनी कॅम्प होता रस्त्याच्या कामाचा, त्यांचं कुंपण, त्यांचा स्वयंपाकी, त्यांचा भाजीचा वाफासुद्धा आतच. आम्ही सहा जण गावात भाड्याच्या घरात राहायचो अन् बाजारात जायचो. मी शेवटी शेवटी बऱ्यापैकी पोर्तुगीज बोलायचो, शिव्यांसकट. आयटेकवर दिल्लीला जाऊन आलेला एक तरुण इंजिनीअर तिथल्या वीज कंपनीत होता. आमचं ड्रॉइंग त्याला न सांगता कळायचं, अन् आमचा माल निकृष्ट असला तर तोही पहिला त्यालाच कळायचा. एका डीपीचा बीडीव्ही, म्हणजे तेलाची वीज अडवायची ताकद, कमी आली तर त्यानं सही केली नाही, तीन दिवस तेल फिल्टर करायला लावलं. मला त्याचा राग आला होता तेव्हा. आता वाटतं, त्या प्रशिक्षणाचा खर्च वसूल झाला.

आणि सरकार काही धर्मादाय म्हणून हे करत नाही गं. मोझांबिकच्या उत्तरेला रोवुमाच्या समुद्रात गॅस आहे, त्यातल्या एका मोठ्या क्षेत्रात आपल्या तीन सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा. २०२१ च्या मार्चमध्ये पाल्मा गावावर अतिरेक्यांचा हल्ला झाला अन् काम ठप्प झालं. तिथला गॅस आपल्या टर्मिनलला कधी लागेल तो लागो. तर डीपी, तूर अन् गॅस, हे दिल्लीत एकाच फाइलीत असतं. गावात मात्र तिन्ही वेगवेगळी माणसं भोगतात.

---

देवळालीच्या_माई

मी बरेच दिवसांनी लिहितेय. यजमान तोफखान्यात होते, आम्ही देवळालीलाच स्थायिक झालो. इथल्या स्कूल ऑफ आर्टिलरीत मित्रदेशांचे अधिकारी कोर्सला येतात, त्यात आफ्रिकेतलेही. एकाची बायको माझ्याकडून थालीपीठ शिकून गेली. परराष्ट्र धोरणात हे कुठे मोजतात मला माहीत नाही.

मला वेगळंच सांगायचंय. सगळे 'आपण त्यांना देतो' असंच लिहितायत. खडकवासल्याला एनडीएची ती मुख्य घुमटाची इमारत आहे ना, तिचं नाव सुदान ब्लॉक. का? दुसऱ्या महायुद्धात आपले सैनिक पूर्व आफ्रिकेत लढले, सुदाननं त्याची आठवण म्हणून एक लाख पौंड भेट दिले. फाळणी झाल्यावर आपल्या वाट्याला ७० हजार आले, ते त्या इमारतीत घातले. आमचे हे तिथूनच बाहेर पडले. आणि मे २०२१, आपल्याकडं कोविडनं हाहाकार होता, तेव्हा केनियानं १२ टन चहा-कॉफी-शेंगदाणे पाठवले, इथल्या कोविड योद्ध्यांसाठी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक हसले त्याला. मी ग्रुप सोडला.

त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला पुण्यात बनलेल्या लशीचे सहा लाख डोस घानात उतरले होते, गरीब देशांना लस पुरवायच्या 'कोव्हॅक्स' योजनेतून भारताबाहेर पहिले तिथेच. महिन्याभरात आपली लाट आली आणि कोव्हॅक्सची निर्यात थांबली, ती नोव्हेंबरपर्यंत. पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहणारे तिकडे किती असतील. तेव्हा कोण कुणाच्या भरवशावर होतं, ते बघा.

---

नाशिकचा_ढोल

माई, ग्रुप सोडलात ते बरं केलंत. त्या चहा-शेंगदाण्यांवरचा मीम मीच टाकला होता बहुतेक. माफ करा.

---

चांदवडचे_अण्णा

सगळ्यांना नमस्कार. मुलानं मोठ्यानं वाचून दाखवलं, मंडळी ओट्यावर बसली होती. दीड रुपयाचं सगळ्यांना पटलं. सोसायटीचं पण लगेच पटलं, फक्त एकानं विचारलं की मग त्यांच्याकडं कर्जमाफी होते का. त्याचं उत्तर कुणाला माहिती असेल तर सांगा.

मोकुबावाले भाऊ, दहा किलो नको, गोणीच घेऊन जा, पॉलिश न केलेली. पण ते गॅस्केटचं अर्धवट सोडलं तुम्ही. पुढं झालं काय? आमची डीपी पण गळतेय.

---

मोकुबा_रिटर्न

कर्जमाफीचं: झांबिया २०२० ला, घाना २०२२ ला अन् इथिओपिया २०२३ ला हप्ते भरू शकले नाहीत. तेव्हा कर्ज देणारे देश एकत्र बसतात अन् मुदत वाढवून देतात, व्याज कमी करतात. सातबारा सहसा कोरा होत नाही. ओट्यावर सांगा, पुनर्गठन.

तुमच्या डीपीचं: तेल गळतंय तर आधी तक्रार लिहून द्या अन् पोच घ्या. ट्यूब लावू नका. खाली सांडलेल्या तेलाजवळ जनावरं जाऊ देऊ नका.

माझ्या गॅस्केटचं असं झालं. कंपनीकडून आलंच नाही. आमच्यातला एक जण सुट्टीवर नाशिकला आला होता, त्याला मी सांगितलं अंबडच्या अमुक दुकानातून कॉर्कची शीट घे, माप व्हॉट्सॲप केलं. त्यानं परतताना बॅगेत टाकली, सोबत दोन किलो चिवडा. विमानतळावर चिवड्याची कसून तपासणी झाली, शीटकडे कुणी पाहिलं नाही. फेब्रुवारीत आम्ही पंच काढून गॅस्केट कापलं, बसवलं, तेल भरलं, चार्ज केलं. लाईनमनला उरलेली शीट देऊन टाकली, अन् कापायचं कसं ते दाखवलं.

जानेवारी २०१५ मध्ये लिकुंगो नदीला महापूर आला. मोकुबाचा पूल वाहून गेला, वरून येणाऱ्या मोठ्या लाईनचे मनोरे पडले अन् उत्तरेकडचे प्रांत कितीतरी दिवस अंधारात. मी काळजीनं ड्रायव्हरला विचारलं, आपल्या त्या डीपीचं काय? त्यानं फोटो पाठवला. डीपी जागेवर, थेंबही गळत नव्हता. खाली लिहिलं होतं, पात्राँव, ही चांगली आहे, फक्त करंट नाही.